स्तोत्राला चाल लागते कशी: पेन्सिल, पेटी आणि कान घेऊन बसणाऱ्यांसाठी

बायबलमधली स्तोत्रं आणि त्यांचं संगीत असा विषय प्रोजेक्टला घेतला की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यूट्यूबवर आधी काय ऐकू?" आणि माझं उत्तरही ठरलेलंय, आत्ता काहीच ऐकू नका, आधी पेन्सिल घ्या. ऐकायला ढीगभर आहे हो, एकट्या २३व्या स्तोत्रावरच इतकं काही सापडेल की प्लेलिस्ट करता करता सेमिस्टर संपेल आणि वहीत "छान वाटलं", "शांत वाटलं" एवढंच उरेल.

गोष्ट अशी आहे की स्तोत्र म्हणजे कविता, पण आपल्या ओळखीचं वृत्त तिला नाही, यमक नाही, ओळी लहानमोठ्या, एक बोटाएवढी तर पुढची हातभर. आणि चाल म्हटली की ती फिरून फिरून तीच येणार, तिला मापात बसणारी ओळ लागते. मग वेड्यावाकड्या ओळी आणि मापातली चाल यांचं जमवायचं कसं? दोन हजारांहून जास्त वर्षं ज्यांनी ज्यांनी स्तोत्रं गायली, मठातले साधू असोत, स्कॉटलंडमधले शेतकरी असोत की न्यूयॉर्कचे मोठे संगीतकार, सगळे या एकाच भांडणाचा निकाल लावत बसलेत. हे भांडण एकदा दिसलं की कुठलंही रेकॉर्डिंग लावा, निकाल शब्दांच्या बाजूने गेलाय की चालीच्या, ते दोन मिनिटांत कळतं. बाकी हा सगळा लेख म्हणजे ते भांडण बघायला शिकणं.

तुम्ही ख्रिस्ती असायलाच हवं असं काही नाही. आणि पाश्चात्त्य नोटेशन येत नसेल तरी चालेल, सरगम कळत असेल तर पुष्कळ झालं.

पायरी १: छोटं स्तोत्र निवडा, प्लीज

मराठी बायबलमध्ये हे पुस्तक 'स्तोत्रसंहिता' या नावाने आहे, साधारण मधोमध उघडलं की तेच लागतं. एकूण १५० स्तोत्रं. दरवर्षी कुणीतरी हिरो ११९वं निवडतो कारण ते सगळ्यात मोठं म्हणून भारी वाटतं, त्यात १७६ वचनं (म्हणजे नंबर घातलेले श्लोक) आहेत, हिब्रूच्या २२ अक्षरांवरून आठ-आठ वचनांचे २२ गट, त्याच्या वाटेला जाऊ नका. सगळ्यात लहान ११७वं, फक्त दोन वचनं, पण ते इतकं लहान आहे की त्यात काही घडायच्या आत संपतं. सुरुवातीला २३वं (सहा वचनं), १००वं (पाच), १३०वं (आठ) किंवा १५०वं (सहा) घ्या. या चारांवर भरपूर संगीत आहे आणि ते एकमेकांपासून खूप वेगळं आहे, तुलनेला बरं पडतं.

मी इथे बहुतेक उदाहरणं २३व्यातून देतोय, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" वालं, कारण ते पुष्कळांनी कुठेतरी ऐकलेलं असतं.

पायरी २: नंबराचा घोळ आधीच मिटवा

हे मी स्वतः ठेच लागून शिकलोय. एकदा एका लॅटिन रचनेचं नोटेशन मिळालं, वर लिहिलं होतं स्तोत्र १२९, मी आपलं मराठी बायबलमधलं १२९वं काढलं, त्यात नांगरणाऱ्यांनी माझ्या पाठीवर नांगर चालवला असं काहीतरी आहे, आणि दोन संध्याकाळी मी त्या संथ, खोल खोल जाणाऱ्या संगीतात नांगर शोधत बसलो होतो. नंतर कळलं की लॅटिनमधलं १२९ म्हणजे आपलं १३०, "मी खोल गर्तेतून तुझा धावा करतो" वालं. म्हणजे खोल जाणारे सूर बरोबर होते, पुस्तकच चुकीच्या पानावर उघडलेलं.

कारण असं की जुन्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांत ९वं आणि १०वं स्तोत्र एकच धरलंय, त्यामुळे तिथून पुढे नंबर एकने मागे पडतो, मध्ये ११४ ते ११६च्या आसपास अजून थोडी जोडतोड आहे, आणि १४७व्याचे दोन तुकडे केल्यामुळे शेवटची तीन परत जुळतात. मराठी बायबल हिब्रूच्या नंबराने चालतं. तेव्हा लॅटिन नाव असलेलं काही हाती लागलं तर नंबरावर विसंबू नका, पहिल्या ओळीचा अर्थ बघा. संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या 'सिंफनी ऑफ साम्स'मधली (साम्स म्हणजे इंग्रजीत स्तोत्रं) ३८, ३९ आणि १५० ही स्तोत्रं आपल्याकडे ३९, ४० आणि १५० आहेत, इतक्या प्रसिद्ध रचनेतही लोक यावर अडखळतात.

पायरी ३: प्रत्येक वचनाची घडी शोधा

आता पेन्सिल. स्तोत्र मोठ्याने वाचा, मनात नाही, मोठ्याने. प्रत्येक वचनात एक जागा येते जिथे श्वास आपोआप घ्यावासा वाटतो, तिथे उभी रेघ मारा.

परमेश्वर माझा मेंढपाळ आहे | मला काही उणे पडणार नाही.

तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो | तो मला संथ पाण्यावर नेतो.

कापडाच्या घडीसारखं आहे हे, दोन पदर. पहिला पदर काहीतरी म्हणतो, दुसरा तेच जरा वेगळ्या शब्दांत म्हणतो, किंवा पुढे नेतो, किंवा उलट टोक दाखवतो. हिब्रू कवितेचं सगळं तालतंत्र या जोडीत आहे, शब्दांची नाही तर अर्थाची जोडी. यमक भाषांतरात मरतं, वृत्त मरतं, पण अर्थाची जोडी मराठीत, इंग्रजीत, लॅटिनमध्ये तशीच्या तशी उतरते, आणि म्हणूनच मला वाटतं स्तोत्रं जगभर इतक्या भाषांत गायली गेली. १७५३मध्ये रॉबर्ट लोथ नावाच्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने आपली व्याख्यानं छापून हे नीट मांडलं, पण गाणाऱ्यांना ते शेकडो वर्षं आधीपासून माहीत होतं, त्यांच्या चालीच दोन पदरांच्या होत्या.

आता अक्षरं मोजा, अभंगात मोजतात तशी. पहिल्या वचनात १३ आणि १२, दुसऱ्यात १६ आणि ११. आणि चौथं वचन बघा, मृत्यूच्या छायेच्या दरीचं, ते संपतच नाही. (तुमच्याकडच्या आवृत्तीत शब्द थोडे वेगळे असतील, आकडे बदलतील, हरकत नाही, वेडेवाकडेच येतील.) हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागणारेत.

पायरी ४: वरचा बारीक मथळा वाचा

बरीच पोरं हा सोडून देतात. पण स्तोत्राच्या डोक्यावर जे लिहिलेलं असतं ना, मुख्य गवयासाठी, तंतुवाद्यांवर, अमक्या चालीवर, ते म्हणजे जुन्या भजनाच्या पुस्तकात वर "चाल: अमुक" लिहितात तसलंच प्रकरण. २२व्या स्तोत्रावर पहाटेच्या हरिणीची चाल लिहिली आहे, ५६व्यावर दूरच्या झाडांवरच्या पारव्याची. किती सुंदर नावं, आणि त्यातली एकही चाल आज कुणाला माहीत नाही. त्या काळच्या लोकांना नाव सांगितलं की पुरत होतं म्हणून सूर कुणी लिहिलेच नाहीत. स्तोत्रांत मध्येच 'सेला' असा शब्द येतो, ७१ वेळा, तो बहुधा वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांसाठीची खूण असावी असं मानतात, थांबा म्हणून की वाजवा म्हणून यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

आणि १५०व्यात वाद्यांची यादीच आहे. मराठीत वाचताना वीणा, डफ, झांजा असे शब्द येतात आणि डोळ्यांसमोर दिंडी उभी राहते, ते छानच आहे, फक्त प्रोजेक्टमध्ये "दावीद राजा वीणा वाजवायचा" असं लिहू नका, मूळ वाद्य हातात धरायचं छोटं तंतुवाद्य होतं, भाषांतरकाराने आपल्याला जवळचा शब्द दिलाय.

पायरी ५: पहिला निकाल, चाल ताणायची. सा रे म घेऊन बसा

हा भाग नुसता वाचू नका, करून बघा, कारण इथेच सगळं उलगडतं.

युरोपातल्या मठांत साधू आठवड्याभरात सगळी १५० स्तोत्रं गात, सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत तशी वाटणीच घालून दिली आहे. दर आठवड्याला १५०, तेही रोज पहाटे उठून, म्हणजे प्रत्येकाला वेगळी चाल पाठ करणं शक्यच नाही. म्हणून त्यांच्याकडे फक्त आठ साचे, शिवाय एक जास्तीचा नववा, भटका म्हणतात त्याला. आणि साचा असा की मधोमध रबर लावलाय.

आठवा साचा आपल्या सरगममध्ये असा बसतो, सगळे स्वर शुद्ध:

सुरुवात सा रे म. मग म वर थांबायचं, लागतील तेवढी अक्षरं त्याच एका सुरात म्हणायची. घडी आली की प म. श्वास. दुसरा पदर परत म वर, आणि शेवटच्या चार अक्षरांवर ग म रे सा.

पेटीवर सा धरा आणि म्हणा: प (सा) र (रे) मे (म), मग "श्वर माझा मेंढपाळ" सगळं म वर, आ (प) हे (म). श्वास घ्या. "मला काही उणे पड" म वर, णा (ग) र (म) ना (रे) ही (सा).

झालं! आता दुसरं वचन, इथे सुरुवातीचं सा रे म घ्यायचं नाही, ते फक्त पहिल्या वचनाला. थेट म वर "तो मला हिरव्यागार कुरणांत बस", व (प) तो (म), श्वास, "तो मला संथ पाण्या" म वर, व (ग) र (म) ने (रे) तो (सा). १३ अक्षरं असोत की १६, चाल तक्रार करत नाही. चौथं लांबलचक वचन पण बसतं, फक्त म वरचा मुक्काम वाढतो (फारच लांब झालं तर पहिल्या पदरातच सूर किंचित खाली आणून अजून एक श्वास घ्यायची सोय त्या लोकांनी करून ठेवलीय). चालीने शब्दांपुढे मान तुकवली, हा पहिला निकाल.

एक मराठी अडचण इथे येणारच. आपण बोलताना "मेंढपाळ"मधला ढ आणि शेवटचा ळ अर्धवट गिळतो, "पडणार"चा र पण. पण ओवी किंवा अभंग म्हणताना तेच अक्षर पूर्ण उच्चारतो, णा-र-ना-ही असं. चारचौघांत म्हणत असाल तर काय करायचं ते आधी ठरवून घ्या, नाहीतर अर्धे लोक शेवटी एक अक्षर आधी पोचतात आणि सगळा विचका होतो. मी पूर्ण उच्चारण्याच्या बाजूचा आहे.

हे जमलं की मग ग्रेगोरियन चँट, म्हणजे मठांतलं हेच लॅटिन गाणं, लावा आणि ऐका. आधी एक छोटी वेगळी ओळ गातात, मग स्तोत्र, शेवटी "पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो" वालं, आणि परत ती छोटी ओळ. घडीच्या जागी ती शांतता ऐकू आली ना? ती तुम्ही पेन्सिलीने मारलेली रेघ आहे. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये हाच साचा चार आवाजांत गातात, दहा सुरावटींचा एक संच, पहिल्या पदराला चार आणि दुसऱ्याला सहा. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची संध्याकाळची प्रार्थना शोधा, रेकॉर्डिंग्ज भरपूर आहेत.

पायरी ६: दुसरा निकाल, शब्द कापायचे

सोळाव्या शतकात जिनिव्हातल्या जॉन कॅल्विन या धर्मसुधारकाला वाटलं की गाणं फक्त साधूंनी आणि गायकांनी का म्हणायचं, चर्चमधल्या सगळ्यांनी एकत्र म्हटलं पाहिजे, बायका-पोरांसकट. पण शंभर लोकांना रबराची चाल जमत नाही, त्यांना ठेका लागतो. मग स्तोत्रांचेच शब्द मोजूनमापून कवितेत बसवले, फ्रेंचमध्ये क्लेमाँ मारो आणि थिओडोर बेझ या दोघांनी, आणि १५६२मध्ये जिनिव्हात सगळी १५० पूर्ण झाली. चालीत सूर दोनच लांबीचे, एक लांब एक आखूड, कुणीही धरू शकेल. त्यातली १५५१ची एक चाल मुळात १३४व्या स्तोत्राची होती, इंग्रजांनी ती उचलून १००व्याला लावली आणि तिचं नावच 'ओल्ड हंड्रेड्थ' पडलं.

स्कॉटलंडचं १६५०चं स्तोत्रांचं पुस्तक बघा, तिथे तर बहुतेक सगळं एकाच मापात कापलंय, ८-६-८-६. फायदा असा की त्या मापाची एक चाल आली की तुम्हाला शंभराहून जास्त स्तोत्रं गाता येतात. २३वं आज 'क्रिमंड' या चालीवर सगळ्यात जास्त ऐकू येतं, ती चाल १८७२ला छापली गेली, म्हणजे शब्दांहून दोनशेवर वर्षांनी तरुण, आणि १९४७मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात गायल्यावर जगभर झाली. पण ते इंग्रजी शब्द जरा वाचा, "ही मेक्स मी डाऊन टू लाय", असं कुठलाही इंग्रज बोलत नाही, मापासाठी वाक्याची मान मुरगाळलीय.

मराठी माणसाला हे समजायला काहीच वेळ लागू नये, कारण आपला मोठा अभंग म्हणजे हेच, ६-६-६-४, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. करून बघू, आत्ता सुचेल तसं:

माझा मेंढपाळ
आहे परमेश
मज नाही क्लेश
उणे काही

मोजा, ६, ६, ६, ४, बरोबर. कुठल्याही अभंगाच्या चालीत म्हणा, फिट्ट बसतंय, टाळ घेतले तर अजूनच. पण आता मूळ वचनाशेजारी ठेवून बघा. 'परमेश्वर'चा मी 'परमेश' केला. आणि 'क्लेश' आला कुठून? मूळात क्लेशाचं नावही नाही, यमकाला लागला म्हणून आला. उलट पुढे त्याच स्तोत्रात अंधारी दरी आहे, शत्रू आहेत, म्हणजे क्लेश नाहीत असं कवी म्हणतच नाहीये, सोबत आहे असं म्हणतोय. चार ओळींत मी अर्थ बदलून टाकला, तेही चांगल्या हेतूने. छंदोबद्ध स्तोत्र दिसलं की हे करायचंच, मूळ शेजारी ठेवायचं आणि पाहुणे शब्द लाल पेनने गोल करायचे. प्रोजेक्टमधला सगळ्यात मजेशीर तक्ता याच्यातून निघतो.

आपल्याकडे ख्रिस्ती उपासनेत भजन-अभंगाचा बाज रुजवणारं मोठं नाव म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१ ते १९१९), अहमदनगरचे. त्याच्याही आधी गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ला क्रिस्तपुराण छापलं ते ओवीत, ते स्तोत्रांचं भाषांतर नाही, पण बायबल आपल्या छंदात आणताना काय काय करावं लागतं ते बघायला चांगलं. एखाद्या मंडळीत जुन्या उपासना-गीतांचं पुस्तक मिळालं तर चाळा, पाश्चात्त्य चालींची आणि देशी चालींची गाणी शेजारीशेजारी असतात.

पायरी ७: तिसरा निकाल, प्रत्येक ओळीला तिचं तिचं संगीत

इथे मोठे संगीतकार येतात, आणि पोरं इथेच हरवतात, कारण ऐकायला इतकं भारी असतं की पेन्सिल खाली पडते. तर फक्त चार रचना घ्या.

अलेग्रीचं ५१वं, 'मिझेरेरे', सतराव्या शतकातलं, पोपच्या सिस्टीन चॅपलसाठी लिहिलेलं. १४ वर्षांच्या मोझार्टने १७७०मध्ये ते तिथे ऐकून आठवणीतून लिहून काढलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कमी लोकांच्या लक्षात येतं ते हे की ही रचना म्हणजे पायरी ५चाच साचा आहे, नटवलेला. नीट ऐका, पुष्कळशी अक्षरं एकाच स्वरसमूहावर भराभर म्हटली जातात आणि फक्त पदराच्या शेवटी सूर फुलतात, आणि एक वचन नटवलेलं तर मधलं साधं चँट. तुम्ही पेटीवर जे केलंत तेच, रेशमी कपड्यात.

माँटेव्हेर्दीची १६१०ची 'व्हेस्पर्स', म्हणजे चर्चची संध्याकाळची प्रार्थना. यात पाच स्तोत्रं आहेत आणि पाचही ठिकाणी जुन्या साच्याची सुरावट आत कुठेतरी चालू असते, वर कितीही धुमाकूळ असला तरी. ती शोधणं म्हणजे गर्दीत आपला माणूस शोधण्यासारखं, पहिल्यांदा सापडत नाही, सापडली की मग तीच ऐकू येते.

बर्नस्टाईनचं 'चिचेस्टर साम्स', १९६५, हिब्रूत. दुसऱ्या भागात एक पोरगा हार्पच्या साथीवर २३वं गातो, अगदी निरागस, आणि मध्येच पुरुषांचा आवाज २रं स्तोत्र घेऊन घुसतो, राष्ट्रं का खवळली आहेत म्हणून. मग दोन्ही एकत्र चालतात, पोरगा गातोय आणि खालून ते खदखदतंय. माझ्या त्या "मज नाही क्लेश"ला याच्याइतकं सणसणीत उत्तर नाही. दरी आणि शत्रू स्तोत्रात आहेतच, बर्नस्टाईनने ते आवाजात आणले. एवढा एकच भाग ऐकून प्रोजेक्ट केलात तरी चालेल.

स्टीव्ह राइखचं 'तेहिलीम', १९८१. तेहिलीम म्हणजे हिब्रूत स्तोत्रंच. यात ठरलेला ताल नाही, हिब्रू शब्दांची लांबी बदलते तशा मात्रा बदलत जातात, टाळ्या आणि चकत्या काढलेल्या खंजिऱ्या वाजत राहतात. सम शोधायला जाल तर वेडे व्हाल. पण घडी शोधलीत तर सापडेल.

आणि वेळ उरलाच तर स्ट्राविन्स्कीचं १५०वं (१९३०). शब्द म्हणतायत झांजा दणाणू द्या आणि हा माणूस ऑर्केस्ट्रातून व्हायोलिनच काढून टाकतो आणि शेवट इतका हळू, इतका थांबलेला करतो की झांजांचा मागमूस नाही. का केलं असेल? वर्गात यावर भांडण लावून द्या, तास कसा जातो कळत नाही.

नोटेशन हवं असेल तर आयएमएसएलपी आणि सीपीडीएल या साइटवर जुन्या रचना फुकट मिळतात. बर्नस्टाईन, राइख, स्ट्राविन्स्की तिथे शोधू नका, आपल्याकडे त्यांचे हक्क अजून आहेत.

पायरी ८: चौथा निकाल, एकच ओळ लोकांना द्यायची

पालुपद! कीर्तनात बुवा आख्यान लावतात आणि टाळकरी एकच ओळ उचलून धरतात, तसं. यात भांडण मिटतं असं नाही, वाटून घेतात, अवघड लहानमोठ्या ओळी एकट्या गाणाऱ्याने सांभाळायच्या आणि मापातली सोपी ओळ सगळ्यांनी म्हणायची. १३६व्या स्तोत्रात ही सोय आयतीच आहे, २६ वचनं आणि प्रत्येकाच्या शेवटी त्याची दया सनातन आहे, २६ वेळा. ४२वं आणि ४३वं सलग वाचा, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास" ही ओळ ४२व्यात दोनदा आणि ४३व्यात एकदा येते, त्यावरून ही दोन्ही मुळात एकच गाणं असावं असं म्हणतात, पालुपदानेच चोरी पकडली.

कॅथलिक मिस्सेत (म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत) बायबलच्या पहिल्या वाचनानंतर स्तोत्र असंच होतं, आणि १९६२ ते ६५च्या व्हॅटिकन परिषदेनंतर ते लोकांच्या भाषेत आलं, त्यामुळे वसईच्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारी गेलात तर मराठीत ऐकायला मिळेल. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरची गेलिक भाषेतली स्तोत्रं मात्र जरूर ऐका, तिथे म्होरक्या एक ओळ सांगतो आणि सगळे ती उचलतात पण प्रत्येकजण आपापल्या हरकती घेत, त्यामुळे लाट यावी तसा आवाज येतो. ही पद्धत मुळात सगळ्यांकडे पुस्तकं नव्हती, वाचता येत नव्हतं म्हणून आली.

आणि हो, 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'. बोनी एमचं १९७८चं, त्याआधी जमैकाच्या मेलोडियन्सचं १९७०चं. नाचायचं गाणं, पण शब्द १३७व्या स्तोत्राचे, देशोधडीला लागलेल्या लोकांचे. आता १३७वं शेवटपर्यंत वाचा. शेवटच्या वचनात शत्रूच्या तान्ह्या लेकरांबद्दल जे आहे ते वाचून अंगावर काटा येतो, आणि ते गाण्यात नाही. ते फक्त पॉपवाल्यांनीच वगळलंय असं नाही, कॅथलिक चर्चनेही १९७०च्या दशकात नव्या दैनिक प्रार्थनेतून ते वचन गाळलं, आणि ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं तर अख्खीच. म्हणून वहीत एक रकाना कायम ठेवा: काय गायलं नाही.

पायरी ९: जमल्यास बाहेर पडा

मुंबई, पुणे, अलिबाग भागात असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या, मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे आपले बेने इस्रायल, हीच स्तोत्रं हिब्रूत म्हणत आलेत. सणाला ११३ ते ११८, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ९२वं. मुंबईतलं त्यांचं सगळ्यात जुनं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १७९६चं आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलच्या कथांवर मराठीत कीर्तनंही रचली, साकी-दिंडीसकट. गोव्यात फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी वेस्पर होतात, गायकवृंद आणि व्हायोलिनच्या साथीने, एखाद्या गोंयकार मित्राला विचारून जा.

जायच्या आधी फोन करून परवानगी घ्या, हे लोकांचं देवाचं काम चालू असतं, तुमचा कार्यक्रम नाही. सिनेगॉगमध्ये शब्बाथला रेकॉर्डिंग अजिबात नाही, फोन बाहेरच काढायचा नाही. नंतर म्हाताऱ्या माणसांशी बोला, "लहानपणी ही चाल अशीच होती का?" एवढंच विचारा आणि गप्प बसा, पुढचा अर्धा तास तेच बोलतात.

पायरी १०: आता तुमचं

१३४वं घ्या, तीनच वचनं. किंवा १३६ची पहिली चार. गट असेल तर तीन भाग पाडा: एक गट रबरवाला साचा लावेल, दुसरा अभंगात कापेल, तिसरा पालुपद काढेल. तिसऱ्या निकालाला, म्हणजे प्रत्येक ओळीला वेगळं संगीत, पहिल्याच वेळी हात घालू नका, ते करायला गेलेली पोरं तिसऱ्या ओळीपर्यंत पोचत नाहीत असा माझा अनुभव आहे.

काही बारीक गोष्टी. साच्याचा सूर फार वर धरू नका, सगळा मुक्काम म वर आहे, सा काळी चारला धरलात तर म वर पाच मिनिटं म्हणता म्हणता घसा बसेल, मुलगे-मुली एकत्र असतील तर सा पांढरी एकच्या आसपास ठेवून बघा. घडीच्या जागी थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, एक पूर्ण श्वास, नवखे लोक तिथे घाई करतात कारण शांततेची भीती वाटते. तबला पहिल्या गटाला देऊच नका. अभंगवाल्यांनी भजनी ठेका घ्यावा, पण पाहुणे शब्दांची यादी दिल्याशिवाय त्यांना गाऊ द्यायचं नाही असा नियम करा. पालुपद निवडताना अर्थाने जड ओळ घेऊ नका, दहाव्यांदा म्हणताना जी तोंडाला सोपी वाटते ती घ्या, आणि आठ-दहा अक्षरांच्या वर नको.

तिन्ही फोनवर रेकॉर्ड करा, लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ज्याने स्तोत्र वाचलेलंच नाही अशा मित्राला ऐकवा आणि विचारा, शब्द काय होते? पहिल्या गटाचे शब्द त्याला बहुतेक सांगता येतात आणि चाल आठवत नाही, दुसऱ्याची चाल तो गुणगुणत जातो आणि शब्द गोलमाल करतो. तिसऱ्याचं पालुपद तेवढं राहतं, जिन्यात उतरताना पण चालू असतं.